फोनवर नको

माझ्या मामेसासऱ्यांइतका सावध माणूस उज्जैनमध्येच काय, साऱ्या माळव्यात दुसरा झाला नसेल. घरोघरी फोन आणि गच्च्यांवर डिश दिसू लागल्या त्या काळात सगळं शहर खुशीत होतं. मामा मात्र बंदोबस्ताला लागले. शेजाऱ्यांच्या डिशबद्दल त्यांचं म्हणणं असं, की जी वस्तू आकाशातून चित्र घेते ती आपलं अंगण का सोडेल? म्हणून अंगणात दाढी करताना ते तिच्याकडे पाठ करून बसत. बँकेत कॉम्प्युटर आला, तेव्हा दर सोमवारी खिडकीशी जाऊन विचारत, "भैया, मेरा नाम है ना अंदर अभी?"

पण खरा वैरी घरातच होता. फोन. त्यावर भैरवगढच्या छाप्याचं जाड कापड कायम पांघरलेलं, कारण ठेवलेला फोनसुद्धा ऐकतो. "लाइनवर तिसरा माणूस असतोच, जावईबापू," ते मला समजावत. कोण कुठं येतंय-जातंय हे चोरांना कळू नये म्हणून सगळं बोलणं सांकेतिक. एकदा मला त्यांचा फोन आला, "सकाळच्या गाडीनं ग्वाल्हेरचं पार्सल येतंय, उतरवून घ्या." मी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बाबूशी भांडत बसलो आणि माझ्या सासूबाई, म्हणजे मामांची थोरली बहीण, फलाटावर ट्रंकेवर बसून राहिल्या. "पोचली ना सुखरूप?" मामा एवढंच म्हणाले.

मामी लवकर गेल्या. एकुलत्या सुधाला मामांनीच वाढवलं. लग्न होऊन ती अमेरिकेला गेली. दर रविवारी फोन करायची आणि मामा प्रत्येक प्रश्नाला म्हणायचे, "ठीक. बाकी फोनवर नको."

तिला मुलगा झाला त्यानंतरच्या रविवारी आम्ही नवराबायको मामांकडेच होतो. रिसीव्हर कानाला टेकवायचा नाही हाही मामांचा एक नियम, त्यामुळे पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू येई. सुधा बाळाबद्दल सांगू लागली.

"वजन वगैरे फोनवर नको," मामा म्हणाले.

तेवढ्यात तिसराच आवाज आला. वयस्कर बाईचा, इथल्याच कुणाचा तरी. "भाईसाब, वजन तो बताने दो उसे. और बिटिया, दूध बराबर आ रहा है ना?"

क्रॉस कनेक्शन लागलं होतं. मामांनी आमच्याकडे विजयानं पाहिलं. इतक्या वर्षांचा संशय खरा ठरला होता. ते फोन ठेवणार, तोच सुधा रडायला लागली. दूध पुरत नाही, झोप नाही, बाळाला उचलायची भीती वाटते, असं ती त्या अनोळखी बाईला हिंदीत सांगत सुटली.

"घबरा मत," बाई म्हणाली. "मेरे पहले में भी यही हुआ था. जीरे का पानी पी, और कान बाँध के रख."

मामा रिसीव्हर धरून नुसते ऐकत उभे. मग लाइन कटली.

रिसीव्हर ठेवत ते म्हणाले, "हे ती मला कधी बोलली नाही."

"तुम्ही बोलू कुठं दिलंत, मामा?" माझी बायको म्हणाली.

पुढच्या रविवारी फोन वाजला, तेव्हा मामांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दूध येतंय का गं आता? कान बांधतेस ना? मला करमत नाही तुझ्याशिवाय." खूप वेळ बोलले. सुधानं फोन ठेवल्यावरही ते तसेच उभे राहिले.

"बहनजी?" त्यांनी हळूच विचारलं.

पलीकडे नुसती खरखर होती.