साहेबाला पाठ दाखवू नको

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, पाथरीच्या तहसिलीत अहलकार; साधे कारकून. निजामाचं राज्य. शेरवानीशिवाय साहेबापुढं जायची सोय नव्हती आणि अण्णांकडं शेरवानी एकच. कचेरीत ते दिवसभर भिंतीला पाठ लावून बसत. साहेबापुढून निघताना बाकीचे अहलकार दोन पावलं मागं सरून वळत. अण्णा मात्र लवून सलाम करत थेट उंबऱ्यापर्यंत उलटे चालत. मला त्याची अशी चीड यायची! केवढी ती लाचारी! मला तर हैदराबादला शिकून वकील व्हायचं होतं.

त्यासाठी वजीफा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती हवी होती. तालुक्यातून एकच पोरगा निवडायचा, आणि तो निवडायला परभणीहून मोठे साहेब अण्णांच्या कचेरीत आले. अण्णांनी मागं उभं राहून आपली शेरवानी माझ्या अंगात चढवली.

"साहेबाला पाठ दाखवू नको बरं का. उलट्या पावलांनी बाहेर ये."

"मी न्हाई तसलं करायचो!"

"आरं लेका, ऐक की जरा..." पुढं काही बोलणार होते, पण दारातल्या आईनं मान हलवून नको म्हटलं.

साहेबांनी गणित विचारलं, फारसी विचारली. मी उत्तरं धडाधड दिली. साहेब खूश दिसले. "अच्छा, जाओ." मी सलाम ठोकला आणि ताठ मानेनं गर्रकन वळलो.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी कचेरी हसली.

"ये छत्री का कपडा है क्या?" साहेब कडाडले. "किसकी शेरवानी है?"

मी पाठीवर हात नेला. हे एवढं मोठं ठिगळ, आईच्या हातचं, आमच्याच मोडक्या छत्रीचं! ठिगळाची शेरवानी घालून साहेबापुढं वावरणं म्हणजे साहेबाचा अपमान. खरं सांगावं तर अण्णांची नोकरी जाणार, खोटं बोलावं तर माझा वजीफा.

तेवढ्यात दाराबाहेर थांबलेले अण्णाच आत आले. अंगात नुसता सदरा. तसं साहेबापुढं येणं म्हणजे गुन्हाच.

"मेरी है, हुजूर. ये मेरा बेटा है."

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांनी टाक उचलला, माझ्या अर्जावर सही केली आणि हातानंच 'जा' म्हणाले.

अण्णा लवले आणि उलट्या पावलांनी दाराकडं निघाले. सदऱ्याला ठिगळ नव्हतं, लपवायचं काही नव्हतं. नुसती सवय. मला रडूच कोसळलं. साहेबाकडं तोंड करून मीही त्यांच्या शेजारी उलटा चालू लागलो.

"हळू," अण्णा पुटपुटले, "मागं उंबरा हाय."