कापायची नव्हे, बसवायची मेंढरं

सकाळी सात वाजता बिरुदेवला दिवसाचा पहिला ग्राहक मिळाला.

"साठ माणसांचं जेवण हाय. बोकड कितीला पडंल?"

"बोकड विकत न्हाय मी. मेंढरं बसवतो. रानात, खतासाठी."

"बसवलेलं नको, कापून पायजे," असं म्हणून ग्राहकानंच रागानं फोन ठेवला.

चार दिवसांतला हा एकोणिसावा फोन. बिरुदेव मंगळवेढ्याकडच्या धनगराचा पोरगा. चिंचोळीच्या एमआयडीसीत सहा वर्षं खोक्यांवर शिक्के मारल्यावर त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. पीक निघालं की शेतकरी मेंढरांची वाट बघतो, कारण दोन रात्री कळप बसला की रानाला लेंड्यांचं खत मिळतं. तिकडं मेंढपाळ मोकळं रान शोधत वणवण फिरतो. दोघांची गाठ फोनवरून घालून द्यायची, एवढाच धंदा. कल्पना इतकी सरळ होती की आजवर कुणा शहाण्याला ती सुचली नव्हती.

अडलं ते गिऱ्हाइकापाशी. सोलापुरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये नवउद्योजकांचं मोफत शिबिर होतं. तिथल्या वक्त्यानं आयुष्यात शिबिरांखेरीज दुसरा उद्योग केला नव्हता, पण आवाज खणखणीत होता. "ग्राहकामागं धावू नका, लीड विकत घ्या!" लीड म्हणजे आयते येणारे गिऱ्हाइकांचे फोन. बिरुदेवनं त्या विकणाऱ्या एका कंपनीकडून घेतल्या. कंपनीच्या फॉर्ममध्ये धंद्याचे बेचाळीस प्रकार होते आणि मेंढराचा उल्लेख त्यांतल्या एकातच होता: मटण व पोल्ट्री. कंपनीनं त्याला तिथं बसवलं.

आता त्याच्या शब्दावर त्याचे मामा गुंडा आणि आणखी दोन मेंढपाळ तीनशे मेंढरं घेऊन मोहोळच्या बाहेर रस्त्याकडेला तीन दिवस बसून होते.

"बिरू, आज दिवस मावळायच्या आत रान दाव," बिरुदेव तिथं पोचताच मामा म्हणाले. "न्हाईतर आमी आपल्या वाटंनं चाललो. अन् एकदा गेलो की तुज्या फोनवर ह्या भागातलं एक मेंढरू हलायचं न्हाय."

बिरुदेवनं कंपनीला फोन लावला. तिकडं प्रियदर्शनी नावाची मुलगी होती.

"मॅडम, एकोणीस फोन आले. सगळे खाणारे!"

"अभिनंदन सर! तुमचा रिस्पॉन्स आमच्या सरासरीपेक्षा चांगला आहे."

"अहो, ह्यातली निम्मी मेंढरं गाभण हायेत! मला शेतकरी पायजे, खाटीक न्हाय!"

"कॅटेगरी बदलू का सर? 'पाळीव प्राणी' रिकामी आहे. त्यात कुत्र्याला आंघोळ घालून हवी असलेले लोक येतात."

बिरुदेवनं फोन बंद केला.

"काय म्हणली?" मामांनी विचारलं.

"अभिनंदन म्हणली."

"मग ते अंथर की रानात, अन् बसव त्येच्यावर मेंढरं."

दुपारी एका टेम्पोनं वाघूर फाडली. वाघूर म्हणजे कळपाभोवती लावायचं जाळं. ते शिवायला सुतळी हवी म्हणून बिरुदेव निंगप्पांच्या बारदानाच्या दुकानात गेला. तिथं एक शेतकरी कांद्यासाठी गोण्या घेत होता. कांदा आठ दिवसांत निघेल, असं तो म्हणाला. बिरुदेव सुतळीचं बंडल हातात धरून तसाच उभा राहिला. ज्याला गोण्या लागतात त्याचं रान आठवड्यात मोकळं होतं, ही गोष्ट सांगायला ना शिबिर लागत होतं ना कंपनी. आपण इतके दिवस कुठं बघत होतो, याचा त्याला कंपनीपेक्षा जास्त राग आला.

"काका, मागच्या आठवड्यात कुणी कुणी गोण्या नेल्या?"

"लई जणांनी की. वड्याकाठच्या उदयसिंहांनी तर गाडी भरून नेल्या. का रे?"

बिरुदेव तडक तिकडं गेला. उदयसिंहांचं चार एकर रान कालच मोकळं झालं होतं. बिरुदेवनं मेंढरांचं नाव काढताच ते भडकले.

"आता उगवला व्हय! पंधरा दिवस झाले, नोंद करून बसलोय. त्या फोनवाल्या कंपनीत."

"कुटल्या कंपनीत?"

उदयसिंहांनी नाव सांगितलं. तीच.

"स्पष्ट लिहिलं, मेंढरं बसवायची हायेत. तिघं पाठवले त्यांनी, तिघंबी खाटीक! एकजण तर सुरा घेऊनच आला. म्हणला, जनावर कुटं हाय?"

विकणारा आणि घेणारा, दोघंही एकाच यादीत चार दिवस शेजारी शेजारी पडून होते आणि कंपनी एकाला खाणारे, तर दुसऱ्याला खाटीक पुरवत होती. बिरुदेवनं मामांना फोन करून कळप तिकडं आणायला सांगितलं. मग दोघं बांधावर बसले आणि त्यांनी कंपनीचा, शिबिराचा, बेचाळीस प्रकारांचा असा काही उद्धार केला की मेंढरं रस्त्यावरून रानात शिरली तरी त्यांना पत्ता नव्हता.

"शिव्या मागनं द्या!" मामा ओरडले. "दिवस बुडाया आलाय. आदी खुट्ट्या कुटं मारायच्या ते सांगा."

उदयसिंहांनी वड्याकडचा कोपरा दाखवला. बिरुदेवनं पहिली खुट्टी रोवली आणि घाव असा घातला की ती वीतभर जास्तच आत गेली.

"आरं, हळू," मामा म्हणाले. "परवा उपटायची हाय ती."