अक्कांच्या पर्समधला पितळी एल्बो

अक्कांच्या पर्समध्ये कायम एक पितळी एल्बो असायचा, दोन पाइप काटकोनात जोडणारा. मीटिंगमध्ये कुणी फार पाल्हाळ लावलं, की तो टेबलावर ठक्कन ठेवून त्या म्हणायच्या, “आधी हा तुमच्या फाइलीत घालून दाखवा.”

एचएसआर लेआउटमधल्या आमच्या कंपनीत त्या कॅटलॉग विभागाच्या प्रमुख. लहान कारखानदारांच्या मालाची माहिती मोठ्या खरेदीदारांच्या संगणकांना पाठवायची, हे आमचं काम. मी पुण्याहून नवा आलेला, आणि अर्थातच सर्वज्ञ. अक्का जयनगरच्या, पिढ्यानपिढ्या इथल्याच. ‘ठीक’ऐवजी ‘सरी’ म्हणणाऱ्या त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीला मी हसायचो. त्या माझ्या कामातल्या चुकांना हसायच्या.

ती माहिती कोणत्या एक्सएमएल साच्यात, म्हणजे फाइलीच्या कोणत्या ठरावीक मांडणीत पाठवायची, हे ठरवायची वेळ आली. एक साचा खुला, कुणालाही वापरता येणारा. दुसरा आमच्या सर्वांत मोठ्या खरेदीदाराचा खासगी. त्यांचा माणूस तो दाखवायला आला. दोन मिनिटांत एल्बो आत गेला: माप, धातू, फोटो, सगळं. मी तर खूश झालो.

“सरी,” अक्का म्हणाल्या, “आता हाच बाहेर काढून दाखवा. दुसऱ्या गिऱ्हाइकाला पाठवायचाय.”

तो निघेना. तशी सोयच नव्हती. दुसरीकडे विकायचं, तर कारखानदाराने सगळं पुन्हा पहिल्यापासून भरायचं. इतका वेळ त्या बिचाऱ्यांना कुठला? ते एकाच्याच दावणीला बांधले जाणार होते.

“अक्का, अडून बसू नका,” आमचे साहेब म्हणाले. “एवढं मोठं गिऱ्हाईक आहे.”

“असू दे की. आत जायला दार आणि बाहेर यायला नाही, त्याला आमच्यात उंदराचा पिंजरा म्हणतात. माझी सही नाही मिळायची.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपमध्ये मान घातली. त्याची लाज मला आजही वाटते.

महिन्याभरात अक्कांचा विभाग काढून घेतला. त्यांनी राजीनामा दिला, निरोपाचा केक कापायला साफ नकार दिला आणि जाताना एल्बो माझ्या टेबलावर ठेवला. “सांभाळ. लागेल तुला.”

पुढच्याच आठवड्यात विभाग तात्पुरता माझ्याकडे आला, आणि सहीसाठी त्या खासगी साच्याचा करारही. सर्जापूर रोडवर मी नुकताच कर्ज काढून फ्लॅट घेतलेला. साहेबांनी स्वतःचं पेन पुढे केलं. समोर खरेदीदाराचा तोच माणूस हसत बसला होता.

मी खिशातून एल्बो काढला आणि करारावर ठेवला, ठक्कन.

“सरी,” मी म्हणालो, “आता बाहेर काढून दाखवा.”