एक कोनशिला, दोन बॅगा आणि ॲन आर्बर

मायदेशी जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत थोडी जागा असतेच, या श्रद्धेवर अमेरिकेतला निम्मा मराठी समाज उभा आहे. जाताना व्हिटॅमिनच्या गोळ्या, येताना भाजणी. त्यामुळे चिम्वेम्वे मे महिन्यात मलावीला घरी जाणार हे कळताच देशमुखकाकांनी, म्हणजे आमच्या न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी, तिच्याबरोबर पाठवायला एक कोनशिला बनवून घेतली. ग्रॅनाइटची.

चिम्वेम्वे ही ॲन आर्बरच्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या माझ्या बहिणीची, मीराची रूममेट. तिच्या गावात प्यायला स्वच्छ पाणी नाही हे कळल्यावर मंडळाने खाद्यजत्रा भरवली. मिसळ इतकी झणझणीत झाली की मिसळीपेक्षा पाण्याच्या बाटल्याच जास्त खपल्या. पैसे पोचते झाले. आता राहिली होती ती कोनशिला. तिच्यावर आधी कार्यकारिणीची सगळी नावं आणि खाली बारीक अक्षरांत काकांच्या आईचं, ‘कै. इंदुमती देशमुख यांच्या स्मरणार्थ’.

“काका, मलावीत देवनागरी कोण वाचणार?” मंदारने, माझ्या नवऱ्याने, ती डिकीत चढवताना कण्हत विचारलं.

“उद्या आपली माणसं टूरवर गेली तर?” काका म्हणाले. मंदारने डिकी लावली.

न्यू जर्सी ते ॲन आर्बर म्हणजे गाडीने साधारण दहा तास. मी, मंदार आणि काका, आम्ही ओहायोत एक मुक्काम केला. तुम्ही जाणार असाल तर पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकचा टोल आधी बघून ठेवा, पेट्रोलपेक्षा तोच डोळ्यांत पाणी आणतो. सर्व्हिस प्लाझावरची कॉफी नाइलाज म्हणून प्या, खायचं मात्र घरून न्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. पेनसिल्व्हेनियाचे हिरवे डोंगर संपले की ओहायो सुरू होतं आणि मग ते सुरूच राहतं. मोटेल स्वस्त होतं, पण रात्री कुणी दगड चोरेल म्हणून काकांनी तो खोलीत आणायला लावला. मंदारच्या पाठीचं दुखणं तिथलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ॲन आर्बर. सुंदर गाव. पानं नुकती फुटलेली, परीक्षा संपल्याने रस्ते निवांत, आणि ह्यूरॉन नदीत पैसे मोजून कयाकमध्ये बसलेली माणसं. मीरा लॅबमध्ये होती, दार चिम्वेम्वेने उघडलं. ‘हॅलो’ म्हणाली, आत गेली आणि ट्रेमधून पाण्याचे ग्लास घेऊन आली. मग हसून विचारलं, “आता सांगा, तुमच्यापैकी काका कोण?”

काका खूश झाले. “मीराने शिकवलेलं दिसतंय!”

“नाही, आमच्याकडेही असंच. पाहुण्याला आधी पाणी.” (हे सगळं अर्थातच इंग्रजीत.) “पण हल्ली कुणी आलं की माझी आई आत लपते. नदीचं गढूळ पाणी पाहुण्याला कसं द्यायचं?”

मग तिने बॅगा दाखवल्या. एकीत मंडळाच्या पैशांतून घेतलेली सोलर पंपाची नवी मोटर, दुसरीत केबल आणि कंट्रोलर. बोअर गावात आधीपासूनच होती, कुणा दुसऱ्या दानशूरांनी खणलेली. जुनी मोटर जळून दोन पावसाळे झाले होते. “तिथे त्यांच्या नावांची पाटीसुद्धा आहे,” ती म्हणाली. “अजून चकचकीत आहे.”

मंदारने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. काकांनी तरीही हळूच दगडाचा विषय काढलाच. “एक्स्ट्रा बॅगेचे पैसे मंडळ भरेल.”

“विमानाचं ठीक आहे, काका. पण पुढे बस आणि शेवटी सायकल टॅक्सी. त्यात दोनच बॅगा जेमतेम मावतात. दगड न्यायचा तर केबल ठेवावी लागेल, आणि इथून कुणी गावी जाईपर्यंत वर्ष जाईल.”

काकांनी हातातल्या ग्लासाकडे बघितलं. मला त्यांची दया आली. कार्यकारिणीच्या नावांचं त्यांना काही नव्हतं हो, जीव अडकला होता तो खालच्या बारीक ओळीत.

“माझ्या आईचाही हाच नियम होता,” ते म्हणाले. “दारात कुणीही येवो, आधी पाणी, मग नाव.” मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, “मोटर आणि केबलच ने, बाळ. नावाचं मग बघू.”

संध्याकाळी आम्ही चौघं आणि मीरा नदीकाठी फिरलो. मग पैसे मोजून कयाकमध्येही बसलो. छान असते, पाय ओले होतात. परतीच्या वाटेवर दगड डिकीतच राहिला. कार्यकारिणीत तो कुणाच्या घरी ठेवायचा यावर बैठका चालू आहेत. तोवर तो आमच्या गाडीत, आणि डिकीत वजन असलं की बर्फात गाडी घसरत नाही म्हणून मंदार त्याला आता सोडायला तयार नाही.

मागच्या आठवड्यात मलावीहून फोटो आला. चिम्वेम्वेची आई दारात उभी आहे, हात पुढे करून, हातात भरलेला ग्लास. मी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. बदामांचा पाऊस पडला. मग खजिनदारांनी विचारलं, “छान! पण यात आपलं काही दिसत नाही?”

काका ग्रुपवर एरवी फक्त ‘शुभ सकाळ’ पाठवतात. त्यांनी लिहिलं, “ग्लासात नीट बघा. काही दिसतंय? नाही ना? मग झालं तर.”