गुलनारनं मंगळ धरला

गुलनार, तुझी गोष्ट मी सांगणारच, रागाव हवं तर!

लोणारच्या शिंप्याची ही मुलगी बंगलोरला रेडिओ दुर्बिणीवर कामाला. वर्षातून सकाळचे चार तास तिच्या वाट्याला आले. आधी ओळखीच्या ग्रहाच्या रेडिओ लहरी मोजून पाहायच्या, मगच दुर्बिणीचे आकडे खरे धरायचे. तिनं गुरू निवडला, आणि सुट्टीत गावी आल्यावर जोशीबुवांच्या पंचांगाशी आपली निरीक्षणाची यादी ताडायला गेली.

“गुरू कुठी हाय, बुवा?”

“काऊन वं, लगन जमलं का? गुरू अस्ताले गेला, सूर्यापाशी हाय. मुहूर्तच नाही!”

गुलनारनं यादीतला गुरू खोडला. दुर्बीण सूर्याकडे वळली असती तर तबकडीत एकवटलेल्या उन्हानं यंत्रच जळालं असतं. यादी जुन्या तक्त्यावरून केली होती!

“अन् मंगळ?”

“सकाळी माथ्यावर. पण मंगळ पाहून कोण लगन करते वं?”

तिनं मंगळ धरला. चारही तास कारणी लागले. ‘बुवांना पेढे द्या,’ असं तिनं मला कळवलं. आज-उद्या करत मी ते काही दिले नाहीत.