बॅटरीला एसी, माणसाला पंखा

पुण्याहून निघताना आईने बजावलं, "उन्हात फिरू नकोस." भर मे महिन्यात छतांवरची सौर पॅनल आणि त्यांच्या बॅटऱ्या तपासत हिंडणं हीच माझी नोकरी. मी हो म्हटलं आणि टोपी घरीच विसरले.

संभाजीनगरला उतरून फुलंब्रीची बस धरली. खिडकीचा गज चटके देत होता. शेजारच्या बाईंनी माझ्या हातात एक कांदा ठेवला. "ऊन लई वाईट हाय, पोरी. जवळ ठिव." मी तो नियमावलीच्या बॅगेत टाकला.

फुलंब्रीच्या अलीकडे रफिकभाईंचं नवं मंगल कार्यालय आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथलं पहिलं लग्न होतं. गावात वीज रोज संध्याकाळीच जाते, म्हणून सगळी भिस्त बॅटरीवर, आणि बॅटरी माझ्या होकारावर. रफिकभाईंनी आधी जेवायलाच बसवलं. नान आणि खलिया (मटणाचा मसालेदार रस्सा). तपासणीआधी कुणाकडे जेवायचं नाही, असा माझा नियम. रश्श्याचा वास आला आणि नियम वितळला.

मग बॅटरीची खोली उघडली. लिथियमची बॅटरी फार तापली तर पेट घेऊ शकते, म्हणून खोली गार लागते आणि आत जळणारी वस्तू चालत नाही. एसी झकास होता. त्याच्यासमोर गाद्यांची थप्पी, पेढ्यांची खोकी, हारांच्या टोपल्या, आणि गाद्यांवर गळ्यापर्यंत चादर ओढून नवरीचे आजोबा.

"हे काय, रफिकभाई?"

"मॅडम, पेढे बाहेर खराब होते ना."

"आणि आजोबा?"

"ते बी."

आजोबा उठून बसले. "बॅटरीला एसी आन् माणसाला पंखा? कोण्या शहाण्यानं केला हा कायदा?"

"ही पेटली तर दार गाठायलाही वेळ मिळायचा नाही, आजोबा. खोली रिकामी झाल्याशिवाय मी होकार देणार नाही."

रफिकभाईंचा चेहरा उतरला. "पहिलीच शादी है, मॅडम. अंधार झाला तर इज्जत जाईल."

आजोबांनी काठी घेतली. "नातीच्या लग्नात अंधार नको," म्हणाले आणि त्या रखरखाटात बाहेर पडले. मला फार वाईट वाटलं. तरी सामान हलवून घेतलं आणि भिंतीवर पाटी चिकटवली: आत सामान ठेवू नये, बसू नये, झोपू नये.

त्याच ताठ्यात छतावर चढले. पॅनल घट्ट होती, वायरी नीट बांधलेल्या, अर्थिंग चोख. इथपर्यंत मला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा पाठीखाली गार फरशी होती आणि रफिकभाई माझाच कांदा फोडून माझ्या नाकाशी धरून बसले होते. समोर भिंतीवर माझी पाटी. उंबऱ्याबाहेर आजोबा, काठी टेकून.

"म्या नियमानं बाहेरच हाय," ते म्हणाले. "तू नीज, पोरी. पेटली तर हाळी देतो."

मी लाजून उठले. होकार दिला, पण आजोबांसाठी दुसऱ्या खोलीत कूलर लावायच्या अटीवर. रफिकभाईंनी तो स्वतःच्या घरून उचलून आणला. मलाही लग्नाला थांबवून घेतलं. ऐन मंगलाष्टकांत वीज गेली, आणि पापणी लवायच्या आत दिवे परत लागले. आजोबांनी सगळ्यांच्या आधी अक्षता टाकल्या.

परतीच्या बसमध्ये नियमावली पुन्हा चाळली. बॅटरीला किती ऊन सोसतं ते तिच्यात नेमकं लिहिलंय. म्हाताऱ्या माणसाला किती सोसतं ते कुठेच नाही. नियमावलीलाही कांद्याचा वास लागला होता.

घरी आईने दारातच विचारलं, "उन्हात फिरली नाहीस ना?"

"छे," मी म्हटलं. "एसीत झोपले होते."