आंबील कशाने फुटते?

आंबील कशाने फुटते, या एका प्रश्नाचे उत्तर मांडण्यासाठी मी हे लिहीत आहे. प्रश्न चुलीपाशीचा वाटेल, पण त्याच्याच पायी मी गाव सोडले. म्हणून ठाणाकुशनूरला मागे राहिलेल्यांनी हे वाचावे आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनीही वाचावे.

औरादला जाणारी गाडी वेशीपाशी उभी होती. माय खिडकीखाली उभी राहून माझी वळकटी आत सरकवत होती. येळवस नुकतीच झाली होती. बिदरच्या वसतिगृहात मला जागा मिळाली होती, आणि निरोपाचे शब्द मायने आधीच ठरवून ठेवले असावेत. "शीक," ती म्हणाली. "आंबील कशानं फुटतीय ते पुस्तकात बघ. तवर हिकडं येऊ नको." गाडी हलली. तिने हात हलवला नाही, मीही नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या सीमाभागात त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. रानात कडब्याची कोपी उभारतात, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आणि ज्याला रान नाही तोही कुणाच्या तरी रानात जेवतो. हिरव्या शेंगांची भज्जी, म्हणजे मिसळीची भाजी असते, बाजरीचे उकडलेले उंडे असतात आणि त्यावर आंबील. ज्वारीचे पीठ पातळ शिजवायचे, निववायचे, ताकात कालवायचे आणि वरून लसूण-जिरे लावायचे. चुन्याने रंगवलेल्या बिंदगीतून, म्हणजे लहान घागरीतून, ती बायकांच्या डोक्यावरून रानात जाते.

कमळाक्का गावातल्या सर्वांत मोठ्या रानाची मालकीण. माझी माय गयाबाई तिच्याकडे खुरपायला जाई. आमचे घराणे आजोबांच्या पिढीत बौद्ध झाले होते, पण गावाच्या लेखी त्याने काही बदलले नव्हते. त्या येळवशीला आम्ही नेहमीप्रमाणे बांधाच्या अलीकडे बसलो होतो. ऊन वर चढले आणि कोपीच्या तोंडाशी ठेवलेल्या बिंदगीवर पडले. घरची माणसे पूजेत गुंतली होती. आंबील जास्त आंबू नये म्हणून माय उठली आणि तिने बिंदगी जांभळीच्या सावलीत नेऊन ठेवली.

कमळाक्काने ते पाहिले. ती ओरडली नाही. चालत आली आणि पायाने तिने बिंदगी कलंडवली. "बाटली आता," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुमच्या हातानं आंबील फुटतीय, ठावं न्हाई का गं?"

"उन्हात व्हती, आक्का," माय म्हणाली. एवढेच.

फुटलेली आंबील कशी दिसते, हे आधी सांगते. चोथा एकीकडे होतो आणि पाणी दुसरीकडे. त्या दिवशी काळ्या मातीवरून जी वाहिली, ती शेवटपर्यंत एकसंध होती. मी तिच्या अगदी जवळ उभी होते.

त्यानंतर बिदर. वसतिगृह, विज्ञानाची पदवी, मराठी माध्यमाच्या शाळेत नोकरी आणि शेवटी शहराच्याच नौबाद भागात स्वतःचे घर. या शहराचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवीत नाही. सकाळी गाडीवाला दारात येऊन विचारतो, "मेथी होना क्या, अम्मा?" शेजारच्या बाई कन्नडमध्ये जेवण झाले का विचारतात, आणि मी मराठीत उत्तर देते. दोघींनाही त्यात काही अवघड वाटत नाही. रविवारी जुन्या शहरात चौबाऱ्याकडे गेले की तहारीची, म्हणजे मटण-भाताची, पुडी बांधून आणायची, एरवी संध्याकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला. गावात माणूस भेटला की आधी आळी कळे. येथे आधी विचारतात, तुमच्याकडे नळ कधी येतो. घर भाड्याने शोधताना मात्र आडनाव दोनदा विचारले गेले, हेही येथे नोंदवते. अभिमान आहे म्हणून हिशेब अर्धा सांगू नये.

उत्तर मला पदवीच्या पहिल्या वर्षीच मिळाले होते. पीठ गरम असताना ताक घातले, तर ताकातले प्रथिन आकसते आणि पाणी सोडते. उन्हात फार वेळ राहिली तर आंबटपणा वाढतो आणि आंबील बिघडू लागते. म्हणजे कारणे दोनच: उष्णता आणि आंबटपणा. हाताचा त्यात काही संबंध नाही. उलट, ज्या हाताने बिंदगी सावलीत नेली त्यानेच ती वाचवली होती. मायला मी पत्राने हे कळवले. पुढे ती माझ्याकडे नौबादेत राहायला आली, पण येळवशीचा विषय तिने कधी काढला नाही. मीही काढला नाही. मात्र विसरले नाही. विसरणे ही ज्याने बिंदगी कलंडवली त्याची सोय असते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वॉर्डातली बाग खुली झाली. ज्यांना रान नाही त्यांनी येळवस बागेतच करावी, असे कॉलनीच्या कमिटीने ठरवले. कमिटीचे प्रमुख महादेवअण्णा, कमळाक्काचे चिरंजीव. ते कॉलनीत नव्याने आले होते आणि म्हातारी आई त्यांच्याजवळ होती. मी दोघांनाही पहिल्याच दिवशी ओळखले. त्यांनी मला ओळखले नाही. मी त्यांच्यासाठी सुमनटीचर होते, चष्मा लावणारी, मुलांना विज्ञान शिकवणारी. बैठकीत भज्जी कोण करणार, उंडे कोण करणार, अशी वाटणी चालली होती. आंबिलीचे नाव निघताच मी हात वर केला.

हे मी ठरवून केले. योगायोग म्हणून कुणी वाचू नये.

येळवशीला बागेत पन्नासेक माणसांची गर्दी असेल. कमळाक्का लिंबाखाली खुर्चीवर बसल्या होत्या. मी पेला भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. पुन्हा भरला. "कामून इतकी बेस झालीया गं?" त्या शेजारणीला म्हणाल्या. "आमच्या रानात अशी व्हायची. हात कुणाचा हाय?"

"माझा, आक्का," मी म्हणाले. "कुशनूरच्या गयाबाईची लेक मी. तुमची बिंदगी जिनं सावलीत ठेवली व्हती, तिची."

आजूबाजूच्या काहींना कळले नाही, तेव्हा मी तेच कन्नडमध्ये आणि मग दखनीत सांगितले, वर्गात धडा सांगतात तसे, क्रमाने, काही न गाळता. महादेवअण्णा लगबगीने आले आणि आईच्या हातातला पेला घेऊ लागले. मी त्यांना थांबवले. तो पेला आक्कांचा आहे, त्यांनाच ठरवू द्या, असे म्हणाले. मग आक्कांकडे वळले. "फुटली असंल तर वता. हितं बांध न्हाई, पर माती हाय."

म्हातारीने माझ्याकडे पाहिले. तिची नजर अजूनही मालकिणीचीच होती. "तुझी माय कधी बोलत नव्हती," ती म्हणाली. "तू लई बोलायलीस."

"म्हणून तर तिनं मला शिकवलं."

तिने पेला तोंडाला लावला आणि माझ्यावरची नजर न काढता, कडू काढा प्यावा तशी, शेवटच्या घोटापर्यंत आंबील प्याली. मग पेला खाली ठेवून मुलाला म्हणाली, "चल घरला."

नंतर दोघी-तिघींनी मला सांगितले की एवढ्या वयाच्या बाईला चारचौघांत असे करायला नको होते. मी त्यांना विचारले, माझ्या मायला चारचौघांत केले तेव्हा तिचे वय किती होते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांनी विषय बदलला. मला पश्चात्ताप नाही. हिशेब चुकता झाला, असेही मी म्हणणार नाही. एका पेल्याने एक बिंदगी भरत नाही. पण त्या दिवशी ती बाई माझ्या हातचे प्याली, आणि कुणाच्या हातचे पीत आहे हे कळल्यावरही प्याली. एवढे मला हवे होते आणि एवढे मी घेतले.

घरी माय गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. मी सगळे सांगितले. तिने शेवटी विचारले, "पीठ निवल्यावरच ताक घातलीस न्हवं?"

"व्हय."

"मंग फुटंल कशाला," ती म्हणाली आणि तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली.

मी कुशनूरला अजून गेलेले नाही. प्रश्नाचे उत्तर मिळाले, तेव्हा मायची अट संपली होती. तरी जावेसे वाटले नाही. गाव म्हणजे घर, असे आपल्याला शाळेत शिकवतात. मीही ते कित्येक वर्षे फळ्यावर लिहिले. आता मी ती व्याख्या दुरुस्त करते. मी उचलून ठेवलेले भांडे जेथे कुणी कलंडवत नाही, ते माझे घर. सध्या ते नौबादेत आहे.

कुशनूरकरांना आणि जे बाहेर गेले त्यांनाही एकच विनंती. माझ्यावर विश्वास ठेवू नका. यंदाच्या येळवशीला आंबील करा. पीठ पूर्ण निवू द्या, मग ताक घाला, आणि बिंदगी सावलीत ठेवायला आमच्या आळीतल्या कुणालाही बोलवा. मग झाकण काढून स्वतः तपासा.